ध्रुवीय विज्ञानाचे अग्रक्रम ठरवताना संशोधकांना खऱ्या अर्थाने सहभागी कसे करून घ्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या दशकात ध्रुवीय विज्ञानात कोणत्या विषयांना अग्रक्रम द्यावा, याविषयी कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील संशोधकांची मते गोळा करण्यासाठी आपल्या विभागाला एक दिवसाची बैठक घ्यायला सांगण्यात आले आहे. आपण सहायक प्राध्यापक आहात, ध्रुवीय प्रदेशात कधी गेलेला नाहीत, आणि स्वागत, दोन भाषणे, जेवण आणि आभारप्रदर्शन एवढ्यावर बैठक संपू नये अशी आपली इच्छा आहे. कोणाला बोलवावे, मतदान घ्यावे का, ज्येष्ठांपुढे तरुण संशोधक बोलतील का आणि यातून जे निघेल ते कुठे पोहोचेल का, असे चार उपप्रश्न आपण विचारले आहेत. मी वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करत आलो आहे. प्रस्तावांची छाननी करणारा आणि अशा सल्लामसलतींचे संयोजन करणारा, अशा दोन्ही नात्यांनी माझा या विषयाशी संबंध आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मते आपली खरी अडचण बैठक कशी घ्यावी ही नाही. लोक मते देतात, पण ती मते ज्या स्वरूपात हाती येतात त्या स्वरूपात कोणालाच वापरता येत नाहीत, ही खरी अडचण आहे. बैठकीत चाळीस संशोधक जमले आणि प्रत्येकाने आपापल्या विषयाचे नाव पुढे केले, तर दिवसाअखेरीस आपल्याकडे चाळीस विषयांची यादी असेल. त्या यादीवरून धोरण आखणाऱ्याला फक्त एवढेच कळते की सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना सूक्ष्मजीव महत्त्वाचे वाटतात आणि भूगोलवाल्यांना हिमनद्या. ते त्याला आधीपासून ठाऊक असते. त्यामुळे लोकांकडून विषय मागू नयेत, प्रश्न मागावेत. आणि प्रश्नही असे, की ज्यांचे उत्तर दुसऱ्या कोणालाही शोधता येईल. बैठकीची बाकीची सारी रचना या एका निर्णयातून आपोआप ठरत जाते.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचा खुलासा आपण आधीच करून घ्यायला हवा. बैठक घ्यायला ज्यांनी सांगितले, त्यांना यादी हवी आहे, अहवाल हवा आहे की पुढच्या समितीसाठी माणसे हवी आहेत? आलेल्या सूचनांना लेखी उत्तर देण्याची त्यांची तयारी आहे का? या सूचनांचा संबंध निधीशी आहे, मोहिमेतील जागांशी आहे, की केवळ एका दस्तऐवजाशी? या तिन्हींची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लेखी मागवून घ्यावीत आणि निमंत्रणपत्रात ती जशीच्या तशी छापावीत. उत्तर आले नाही, तर तेही निमंत्रणात प्रामाणिकपणे लिहावे. ज्याला जयसिंगपूरहून किंवा गडहिंग्लजहून सुट्टीचा दिवस मोडून यायचे आहे, त्याला आपण कशासाठी येत आहोत हे आधी कळण्याचा हक्क आहे.

आता ‘कुठे पोहोचेल का’ हा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर बाकीच्या खटाटोपाला अर्थ राहत नाही. अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती, म्हणजे स्कार, हिने २०१४ मध्ये न्यूझीलंडमधील क्वीन्सटाउन येथे अशीच एक मोठी प्रक्रिया पार पाडली. जगभरातील संशोधकांकडून आधी शेकडो प्रश्न मागवले गेले, आणि मग २२ देशांतील ७५ शास्त्रज्ञ व धोरणकर्त्यांनी एकत्र बसून त्यांतून ८० प्रश्न निवडले. ते ८० प्रश्न सहा मोठ्या अग्रक्रमांत मांडले गेले: अंटार्क्टिक वातावरण व दक्षिण महासागराचा जगभर होणारा परिणाम, हिमस्तर कोठे, कसा आणि का झिजतो, त्या खंडाचा भूतकाळ, तेथील जीवसृष्टी कशी घडली आणि तगून राहिली, तेथून अवकाशाचे व विश्वाचे निरीक्षण, आणि माणसाच्या हस्तक्षेपाची दखल. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय अंटार्क्टिक कार्यक्रमांच्या व्यवस्थापकांच्या परिषदेने, म्हणजे कॉमनॅपने, हे प्रश्न सोडवायचे तर कोणती जहाजे, कोणती उपकरणे, कोणत्या सोयी लागतील याचा वेगळा अभ्यास केला. माझ्या दृष्टीने या प्रक्रियेतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही दुसरी पायरीच आहे: प्रश्न आधी ठरले, सोयींचा हिशेब त्यानंतर झाला. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. जहाजात आणि केंद्रात जागा किती आहेत ते आधी पाहिले जाते आणि त्यांत बसतील असे प्रश्न शोधले जातात.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने देशभरातील संशोधकांच्या बैठका घेऊन २०१५ मध्ये अंटार्क्टिक संशोधनाचा एक अहवाल दिला. समुद्राची पातळी किती वेगाने आणि किती वाढेल, या प्रश्नाला त्यात अग्रस्थान होते आणि त्यासाठी पश्चिम अंटार्क्टिकाकडे लक्ष वेधलेले होते. २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून थ्वेट्स या महाकाय हिमनदीवरील संयुक्त संशोधन हाती घेतले. ही हिमनदी पूर्ण वितळली तर जगातील समुद्रपातळी साधारण ६५ सेंटीमीटरने वाढू शकते, असा अंदाज आहे. बैठकीत कोणी तरी उभा राहून हिमनदीच्या पायथ्याशी पोहोचणाऱ्या उबदार पाण्याविषयी बोलला, आणि म्हणून हे सर्व घडले, असे मी म्हणणार नाही. पण अनेकांनी वेगवेगळ्या ठिकाणी एकाच प्रश्नावर बोट ठेवले की निधी देणाऱ्यांना निर्णय घेणे सोपे जाते, हे खरे आहे. या उदाहरणात अहवाल आणि मोठा प्रकल्प यांच्यामध्ये तीन वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवावे.

भारतापुरते बोलायचे तर वेळ अनुकूल आहे. पाचवे आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष २०३२-३३ मध्ये व्हायचे आहे आणि त्याची आखणी सुरू झालेली आहे. पहिले १८८२-८३ मध्ये आणि दुसरे १९३२-३३ मध्ये झाले, १९५७-५८ चे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष तिसरे मानले जाते, आणि चौथे २००७-०८ चे होय. चौथ्या वर्षाच्या वेळी जगभरातून हजाराहून अधिक प्राथमिक सूचना आल्या होत्या आणि त्या एकमेकींत मिसळून शेवटी दोनशेहून अधिक प्रकल्प उभे राहिले. उत्तर ध्रुवीय प्रदेशासाठी तर दर दहा वर्षांनी संशोधन-नियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद होते: १९९५, २००५, २०१५ आणि आता २०२५ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे. याखेरीज अंटार्क्टिकातील भारताच्या मैत्री केंद्राच्या जागी नवे केंद्र उभारण्याचा मनोदय भारताने २०२४ मध्ये कोची येथे भरलेल्या अंटार्क्टिक कराराच्या बैठकीत जाहीर केला आहे. मैत्री १९८९ पासून चालू आहे. म्हणजे एकदा बांधलेले केंद्र तीन-साडेतीन दशके वापरात राहते. नव्या केंद्रात शीतगृह किती मोठे असावे, रसायनशास्त्राची स्वच्छ प्रयोगशाळा असावी का, विद्युतचुंबकीय गोंगाटापासून दूर उपकरणे ठेवण्याची सोय कोठे असावी, हे सर्व तेथे कोणते प्रश्न सोडवायचे आहेत त्यावर ठरते. इमारतीचा नकाशा पक्का झाल्यावर मते मागून उपयोग नसतो. म्हणून आपली बैठक पुढे ढकलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

बोलवायचे कोणाला? ‘ध्रुवीय संशोधक’ या शब्दाची व्याख्या अंटार्क्टिकाला जाऊन आलेले लोक एवढीच केली, तर आपल्या तीन जिल्ह्यांतून एक लहान टेबलसुद्धा भरणार नाही. ती व्याख्या चूकही आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या मध्यम-वारंवारता रडारने वर्षानुवर्षे सुमारे ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांच्या नोंदी घेतल्या. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावरील स्थितांबर, म्हणजे ढगांच्या वरचा वातावरणाचा थर, कधीकधी काही दिवसांतच चाळीस-पन्नास अंशांनी तापते आणि तेथील वाऱ्यांची घडी विस्कटते. त्याचे पडसाद आपल्या अक्षांशावरील त्या उंचीच्या वाऱ्यांत आणि वातावरणीय भरती-ओहोटीत, म्हणजे वाऱ्यांच्या रोजच्या नियमित चढउतारांत, उमटतात का, हा प्रश्न ध्रुवीय विज्ञानाचाच आहे आणि तो विद्यापीठाच्या सागरमाळावर बसून विचारता येतो. तीच संस्था मैत्रीवर भूचुंबकीय नोंदीही घेत आली आहे. म्हणजे एका टोकाची नोंद अंटार्क्टिकात आणि दुसऱ्या टोकाची कोल्हापुरात, असा दुवा आपल्या दाराशी आहे. असे दुवे ज्यांच्या कामात आहेत त्या सर्वांना बोलवावे.

थंडीत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करणारे, दगडफूल आणि शेवाळ ओळखणारे वनस्पतिशास्त्रज्ञ, उपग्रहचित्रांवरून बर्फाचे क्षेत्र मोजू शकणारे भूगोल आणि भूमाहितीचे लोक, कालमालिकांचे विश्लेषण करणारे संख्याशास्त्रज्ञ, हिमालयातील हिमनद्यांवर काम केलेले कोणी असल्यास ते, आणि सागरी कायद्याचा किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणारे एक-दोघे, एवढे लोक आपल्या भागात नक्की मिळतात. भारताचा अंटार्क्टिक कायदा २०२२ मध्ये झाला आणि आर्क्टिक धोरणही त्याच वर्षी जाहीर झाले; त्यामुळे कायद्याच्या बाजूचे प्रश्नही आता नुसते पुस्तकी राहिलेले नाहीत.

यात मी आणखी एक नाव घालीन, ज्याचा विचार सहसा होत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोली येथे धातूचे ओतकाम आणि यंत्रभाग बनवणारे लोक आहेत. उणे ३० अंशांत कोणता ओतीव भाग ठिसूळ होऊन तडकेल, कोणता बेअरिंग अडकेल, कोणते वंगण थिजेल, हे त्यांच्याशी अर्धा तास बोलल्यावर जसे कळते तसे ते प्रस्तावाच्या कागदावरून कळत नाही. मोहिमेत बंद पडलेल्या उपकरणांमागे अनेकदा विज्ञानाची चूक नसते. एखादा भाग त्या थंडीसाठी बनवलेलाच नसतो. त्यांना अग्रक्रमांवर मत द्यायला बोलावू नये, पण दुपारच्या सत्रात ‘हे मोजायचे तर कशाने मोजणार’ या चर्चेसाठी एक-दोन अनुभवी कारखानदार जरूर असावेत.

संख्या तीस ते चाळीसच्या आत ठेवावी आणि त्यांतील किमान एक तृतीयांश पीएच.डी. करणारे किंवा नुकतीच केलेले असावेत. २०३२-३३ मध्ये हेच लोक कामाच्या भरात असतील, आपल्यापैकी बरेच जण निवृत्त झालेले असतील. तारीख ठरवताना विद्यापीठाच्या परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासणीचे दिवस टाळावेत, आणि जून ते ऑगस्ट हे महिने तर टाळावेतच. पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आले की सांगलीचा माणूस कोल्हापूरला येऊ शकत नाही.

आता प्रश्नांकडे येऊ. बैठकीच्या किमान तीन आठवडे आधी प्रत्येकाकडून जास्तीत जास्त तीन प्रश्न मागवावेत, मराठीत किंवा इंग्रजीत, एका कागदावर. प्रश्नाबरोबर तीन ओळी: याचे उत्तर आज का माहीत नाही, ते मिळाले तर कोणाचे काय बदलेल, आणि ते शोधायला कमीत कमी काय लागेल. प्रस्ताव, बजेट आणि स्वतःचा परिचय मागवू नये. प्रश्न वाचताना चार कसोट्या लावाव्यात. उत्तर निरीक्षणाने किंवा प्रयोगाने मिळण्यासारखे आहे का? प्रश्नात स्थळ आणि काळ यांची मर्यादा आहे का? उत्तर नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येणार असेल, तर तो पुरेसा खोल आहे का? आणि उत्तर आवडीनिवडीवर अवलंबून नाही ना?

हे प्रत्यक्षात कसे होते ते एका नमुन्यावरून दाखवतो. समजा, एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने लिहून पाठवले: ‘अंटार्क्टिकातील सूक्ष्मजीवांपासून नवीन प्रतिजैविकांचा शोध.’ हा विषय आहे, प्रश्न नाही. आणि तो तसाच ठेवला तर दहा जण त्याला उत्तम म्हणतील आणि कोणीही त्यात भर घालणार नाही. त्यांना फोन करून विचारावे: अंटार्क्टिकात कोठे? ते म्हणतील, मैत्रीजवळच्या शिर्माकर ओॲसिसमध्ये, म्हणजे बर्फाने न झाकलेल्या खडकाळ पट्ट्यात. तेथे कोठे? तेथे शंभराहून अधिक तळी आहेत आणि अनेक तळ्यांच्या तळाशी सूक्ष्मजीवांचे थर वाढतात, त्यांत. त्या थरांबद्दल आज काय माहीत नाही? येथे बहुधा थोडा वेळ शांतता असते, आणि मग खरे उत्तर येते: तळ्यावरचे बर्फ वर्षातून जितके दिवस वितळलेले असते, त्यानुसार या थरांत कोण राहते आणि कोण हटते, आणि स्पर्धा वाढली की प्रतिजैविके बनवण्याचे प्रमाण बदलते का, हे कोणी नीट पाहिलेले त्यांच्या वाचनात नसते. आता प्रश्न असा लिहिता येतो: ‘शिर्माकर ओॲसिसमधील तळी वर्षातून अधिक दिवस बर्फमुक्त राहू लागल्यास त्यांच्या तळाशी असलेल्या सूक्ष्मजीवांच्या थरांची रचना आणि त्यांतील प्रतिजैविकनिर्मिती पुढील दोन दशकांत कशी बदलेल?’ वाक्य लांब झाले, पण आता त्यात उपग्रहचित्रांवरून बर्फमुक्त दिवस मोजणाऱ्याला जागा आहे, पाण्याखाली पोहोचणारा प्रकाश मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला जागा आहे, आणि मूळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा हेतूही शाबूत आहे. असा एकेक प्रश्न घडवायला वेळ लागतो. आपला बहुतेक वेळ बैठकीच्या दिवशी खर्च न होता या फोनवर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात बैठक आहे म्हटल्यावर एक प्रश्न हमखास येईल: ध्रुवावरील बर्फाचा आपल्या पुराशी काय संबंध? २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांनी हा प्रश्न विचारणे साहजिक आहे आणि तो टाळू नये. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांच्या सहभागाने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आर्क्टिकमधील, विशेषतः कारा समुद्रातील, उन्हाळी समुद्रबर्फाची घट आणि मध्य भारतात मान्सूनच्या उत्तरार्धात होणारा अतिवृष्टीचा पाऊस यांच्यात संभाव्य नाते मांडले आहे. नाते ‘संभाव्य’ आहे आणि ते मध्य भारताविषयी, सप्टेंबरच्या सुमाराच्या पावसाविषयी आहे. आपले पूर जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पावसाने आणि धरणांच्या विसर्गाने येतात. म्हणून ‘आर्क्टिकमुळे कोल्हापुरात पूर येतो का’ असा प्रश्न पुढे पाठवू नये. निधी मिळवण्यासाठी तर मुळीच पाठवू नये. त्याऐवजी, आर्क्टिक समुद्रबर्फ कमी असलेल्या वर्षांत पश्चिम घाटावरील पावसाच्या दिवसांचे वितरण बदलते का, आणि बदलत असेल तर वातावरणातील कोणत्या साखळीने, असा प्रश्न घडवावा. संबंध नाही असे उत्तर आले, तरी ते उपयोगी असेल. लोकांच्या काळजीचा मान राखणे आणि विज्ञानाने जे अजून सिद्ध केलेले नाही ते न बोलणे, ही दोन्ही कर्तव्ये येथे एकदम पाळावी लागतात.

बैठकीच्या दिवशी सर्व प्रश्न नावांशिवाय भिंतीवर लावावेत. कोणाचा प्रश्न कोणता हे कळले की आपल्याकडे चर्चा प्रश्नाची न राहता माणसाची होते, आणि मार्गदर्शक खोलीत असताना त्यांचा विद्यार्थी त्यांच्या विषयाविरुद्ध एक शब्द बोलत नाही. यात विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सकाळचे पहिले सत्र विद्यार्थी आणि नवे प्राध्यापक यांचे स्वतंत्र ठेवावे, त्यांची टिपणे आधी सर्वांसमोर वाचली जावीत, आणि ज्येष्ठांना त्यानंतर बोलण्याची विनंती करावी. ज्येष्ठांना हे अपमानास्पद वाटू नये म्हणून प्रत्येकाला आधी भेटून त्यांच्याकडून एक वेगळे काम मागावे: समोर आलेल्या प्रश्नावर पूर्वी कोणी काय केले होते, आणि ते कशामुळे अडले होते. ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते, आणि ती सांगताना ज्येष्ठ मंडळी मोकळेपणाने बोलतात. चर्चा चालवणारी व्यक्ती शक्यतो दुसऱ्या विषयाची असावी. इतिहास किंवा समाजशास्त्राची एखादी चांगली प्राध्यापिका हे काम उत्तम करू शकते.

मतदानाविषयी माझे मत सावध आहे. मतदान घ्यावे, पण त्याला निकाल मानू नये. प्रत्येकाने कागदावर दोन वेगवेगळे गुण द्यावेत: एक प्रश्न किती महत्त्वाचा आहे यासाठी, एक व्यवहार्यतेसाठी, म्हणजे ते काम प्रत्यक्षात करता येईल का यासाठी. स्वतःच्या प्रश्नाला गुण देऊ नयेत. महत्त्वासाठीचे गुण सर्वांनी द्यावेत. व्यवहार्यतेचे गुण ज्यांना क्षेत्रकार्याचा अनुभव आहे त्यांनीच द्यावेत. दोन्हींची बेरीज करू नये, कारण बेरीज केली की महत्त्वाचा पण अवघड प्रश्न आणि किरकोळ पण सोपा प्रश्न एकाच जागी येऊन बसतात. ज्या प्रश्नाला निम्म्यांनी खूप गुण दिले आणि निम्म्यांनी अगदी कमी, त्यावर पुन्हा बोलावे. असा मतभेद जिथे असतो, तिथे बहुधा विज्ञानातील खरा अनिर्णित मुद्दा असतो.

मतदानाचा एक दोष ठळकपणे सांगितला पाहिजे. दीर्घकालीन नोंदींना कधीच मते मिळत नाहीत. ‘वाऱ्याची, चुंबकत्वाची, ओझोनची नोंद आणखी वीस वर्षे चालू ठेवावी’ या वाक्यात नवे काही नसते, त्यातून लवकर शोधनिबंध निघत नाही, आणि तरुण संशोधकाच्या बढतीला त्याचा हातभार लागत नाही. पण अंटार्क्टिकावरील ओझोनची घट १९८५ मध्ये जगापुढे आली, ती ब्रिटिशांच्या हॅली केंद्रावर १९५७-५८ च्या भूभौतिकी वर्षाच्या सुमारास सुरू झालेल्या आणि नेटाने चालू ठेवलेल्या नोंदींमुळेच. आणि दोनच वर्षांनी ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांवर बंधने घालणारा माँट्रियल करार झाला. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी रोज वाचली जाते, म्हणूनच ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका या आकड्यांना आपल्या शहरात अर्थ आहे. पुराच्या आठवड्यातच मोजणी सुरू केली असती तर ते आकडे कोणालाही सांगता आले नसते. म्हणून यादीतील काही जागा नोंदींसाठी मतदानाबाहेर राखून ठेवाव्यात आणि तसे आधीच जाहीर करावे.

व्यवहार्यतेची चर्चा होताना लोकांना प्रत्यक्ष अडचणींची कल्पना असावी, म्हणून सुरुवातीला वीस मिनिटांचे एक माहितीपर कथन ठेवावे. अंटार्क्टिकात काम करण्याचा हंगाम दक्षिणेकडील उन्हाळ्याचा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. मैत्री आणि २०१२ मध्ये सुरू झालेले भारती ही दोन केंद्रे एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहेत, त्यामुळे ‘दोन्हीकडचे नमुने एका हंगामात आणू’ असे लिहिणे सोपे आणि करणे फार कठीण असते. मैत्रीकडे जाणारी वाट सहसा केप टाउनहून जाते. निवड झालेल्यांना वैद्यकीय तपासणी आणि उत्तराखंडातील औली येथील बर्फातील प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरील हिमाद्री हे भारतीय केंद्र २००८ पासून आहे आणि तेथे पोहोचणे तुलनेने सोपे आहे. २०१४ पासून तेथील कोंग्सफ्योर्डमध्ये पाण्याखाली नोंदी घेणारी इंडआर्क ही भारतीय वेधशाळाही बसवलेली आहे. हिमालयातील स्पितीचे हिमांश हे हिमनद्यांच्या अभ्यासाचे केंद्र तर आपल्याच देशात आहे.

ज्यांना कधीच जाता येणार नाही, त्यांच्यासाठी हे सर्व ऐकून निराश होण्याचे कारण नाही. गोव्याच्या केंद्रात उणे २० अंशांत हिमगाभे, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेले दंडगोल नमुने, जतन केलेले आहेत, नोंदी साठवणारे राष्ट्रीय ध्रुवीय विदाकेंद्र आहे, आणि कोल्हापूरहून गोवा दूर नाही. प्रत्येक प्रश्नापुढे ‘जाऊन’, ‘आणलेल्या नमुन्यांवरून’ आणि ‘उपलब्ध नोंदींवरून’ यांपैकी एक शेरा लिहावा. माझा अनुभव असा की हे शेरे मारले की निम्म्याहून अधिक प्रश्न शेवटच्या दोन रकान्यांत जातात. आपल्या भागातील महाविद्यालयांना उद्यापासून हात घालता येईल असे काम तेच आहे, आणि वरच्या समितीलाही असे प्रश्न हवे असतात, कारण त्यांना जहाजावर जागा लागत नाही.

बैठकीनंतरच्या कामाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दहा दिवसांच्या आत इतिवृत्त सर्वांना पाठवावे. त्यात निवडलेले प्रश्न तर असावेतच, पण न निवडलेला प्रत्येक प्रश्न आणि तो का मागे राहिला याचे एका वाक्यातील कारण असावे: दुसऱ्या प्रश्नात मिसळला, कसोटीत बसला नाही, महत्त्वाचा पण सध्या अशक्य, किंवा आधीच उत्तर उपलब्ध. ज्यांना हे कारण पटत नाही, त्यांचे भिन्न मत त्यांच्याच शब्दांत जोडावे. संशोधकांचा अशा सल्लामसलतींवरील विश्वास उडतो तो प्रश्न नाकारला गेला म्हणून नव्हे; पाठवलेल्या कागदाचे पुढे काय झाले हे कोणी कधी कळवले नाही, म्हणून तो उडतो. मीही एका सल्लामसलतीत सूचना पाठवून वर्षभर उत्तराची वाट पाहिली आहे, आणि पुढच्या वेळी माझ्याच सहकाऱ्यांना लिहायला बसवणे किती अवघड गेले ते मला माहीत आहे.

एकंदर क्रम असा धरावा: आधी वरून लेखी खुलासा, मग निमंत्रणे, तीन आठवडे प्रश्न घडवण्याचे काम, एक दिवस बैठक, दहा दिवसांत इतिवृत्त. यांतील एखादी पायरी वेळेअभावी गाळावी लागली, तर मतदान गाळावे. प्रश्न घडवणे आणि इतिवृत्त मात्र गाळू नये.

आपण स्वतः ध्रुवावर गेला नसल्याचा उल्लेख दोनदा केला आहे, म्हणून शेवटी त्याविषयी. संयोजकासाठी ही उणीव नाही. जाऊन आलेल्या संयोजकाला नकळत आपले केंद्र, आपला हंगाम आणि आपले उपकरण यांचीच बाजू दिसते आणि लोकही त्याला खूश ठेवण्यासाठी त्याच दिशेने प्रश्न लिहितात. फक्त व्यवहार्यतेच्या सत्रासाठी मोहिमेत काम केलेली किमान दोन माणसे, शक्यतो एक मैत्रीवरची आणि एक आर्क्टिकमधली, आधी पक्की करून ठेवावीत. प्रश्न मागवण्याच्या पत्राचा मसुदा तयार झाला की येथेच टाकावा. चार कसोट्या त्यात साध्या मराठीत कशा लिहाव्यात, हे मी वाक्यावाक्याने पाहून सुचवीन.